पाण्याभोवती बसलेल्या

१

माझी सून सिल्के जर्मन आहे. तिचे वडील डीटर वारले आणि तिची आई इंगे, म्हणजे माझी विहीण, त्या मोठ्या घरात एकटी राहिली. म्हणून दोन हजार चौदा साली आम्ही बिऱ्हाड उचलून तिच्याकडे राहायला गेलो. र्युसेल्सहाइमहून बसनं थोडं पुढं, माइन नदीच्या काठचं गाव. माझा मुलगा हृषिकेश तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. सिल्के शाळेत शिकवते. दोघं सकाळीच बाहेर पडायची. विहीणबाई पोहायला जायच्या. सत्तरी उलटलेली बाई, पण मार्चच्या थंडीत ओल्या केसांनी सायकलवरून परत यायच्या. दुपारी मी किंडरगार्टनमधून मुक्ताला घेऊन यायचो. ती पाच वर्षांची. तिला जेवू घालायचं, एवढंच माझं काम.

ते सोपं नव्हतं. पोरगी वरणभाताचा एक घास गालात धरून खिडकीबाहेर बघत बसायची. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. मला जर्मन थोडं कळतं, बोलता येत नाही. विहीणबाईंना मराठी येत नाही. त्यामुळे आम्हा दोघा म्हाताऱ्यांची दुभाषी मुक्ताच.

"आजीला विचार, चहा घेणार का."

ती विचारायची. विहीणबाई हात हलवत खूप वेळ बोलायच्या. मुक्ता सगळं नीट ऐकून घ्यायची आणि माझ्याकडे वळून एवढंच म्हणायची, "नाइन." म्हणजे नाही.

त्या घरात भिंतीला रिकामी जागा नव्हती. सिल्के लहान असताना डीटर कंपनीच्या कामासाठी ऑस्ट्रेलियाला गेले होते. सुट्टीत ते आत वाळवंटात गेले. तिथल्या मूळच्या लोकांच्या म्हाताऱ्या बायका झाडाखाली जमिनीवर कापड अंथरून, चारी बाजूंनी बसून चित्र काढत होत्या. काढता काढता गात होत्या. डीटरनी ते चित्र विकत घेतलं, आणि मग त्यांना त्याचं वेडच लागलं. दर दोन-चार वर्षांनी जायचे, नवीन चित्र आणायचे. जिन्यात चित्रं, न्हाणीघराच्या दारावरसुद्धा एक.

ते पहिलं चित्र सगळ्यांत मोठं. ते बागेकडच्या मागच्या खोलीत असायचं. त्या वसंतात तिथल्या भिंतीला ओल आली, रंगारी बोलवावे लागले. चित्र उभं ठेवायला जागा होईना, तेव्हा त्यांनी जमिनीवर जाड राखाडी कापड घातलं आणि त्यावर ते आडवं ठेवून दिलं.

मी पहिल्यांदा ते वरून बघितलं. विटकरी रंग, त्यावर ठिपकेच ठिपके. मध्ये गोलात गोल. त्याभोवती घोड्याच्या नालासारख्या पांढऱ्या खुणा.

सिल्के मराठी शिकली आहे, तिच्या पद्धतीनं. "मध्ये पाणी आहे, बाबा. आणि हा बाई. बसला आहे. वाळूमध्ये बसला, मग उठला, तर असा राहतो."

"तिथं बसून काय करतायत त्या?"

"ते पापाला सांगितला नाही," ती म्हणाली. "पापाने विचारला पण नाही."

मला खुर्चीवर बसून जेवण गोड लागत नाही. पाय लोंबत राहतात. विहीणबाई घरात नसल्या की मी नि मुक्ता खाली बसून जेवायचो. त्या दुपारी स्वयंपाकघरात रंगाऱ्यांचे डबे होते, म्हणून ताटं घेऊन मागच्या खोलीत गेलो. चित्राच्या कडेला बसलो. वरणभात, वर तूप, लिंबाची फोड. पहिला घास हातात घेतला आणि माझी नजर त्या बायकांवर गेली. गोल करून बसलेल्या, आणि आमची ताटं त्यांच्या पुढ्यात.

तोंडातून आपसूक निघालं, "या जेवायला."

आपल्याकडं हे म्हणतातच. आपण जेवत असताना कुणी समोर आलं की म्हणायचं. समोरचा म्हणतो, "होऊ द्या, चालू द्या," आणि पुढं जातो. कुणी खरोखर ताटावर येऊन बसत नाही. बोलावणाऱ्यालाही ते माहीत असतं, बोलावलेल्यालाही.

मुक्तानं विचारलं, कुणाला म्हणालास?

"या बायकांना."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मीही घास हातात धरून थांबलो होतो. कशासाठी, ते नंतर लक्षात आलं. "चालू द्या" कुणी म्हणालं नव्हतं.

२

दुसऱ्या दिवशी जेवून उठताना मी जमिनीवर हात टेकला. लाकडी फरशी गरम होती.

मी कराडच्या एसटी डेपोत टायरवर काम केलेला माणूस. टायर कितपत तापलाय, हे तळव्याला कळतं. ही ऊब उन्हातल्या जमिनीची होती. दिवसभर तापून संध्याकाळी आतून सोडते ना, तशी. चित्राभोवती होती, भिंतीकडे नव्हती.

संध्याकाळी हृषिकेशला सांगितलं.

"आल्झो, बाबा, तिथे हायझुंगचा, हीटिंगचा, पाइपच नाहीये. पाइप भिंतीकडून जातो. ऊन पडलं असेल."

"ढग होते रे दिवसभर."

"मग तुमचा हात गार असेल. गार हाताला सगळं गरम लागतं. सिंपल आहे."

इंजिनिअर मुलगा असला की घरात नवल म्हणून काही शिल्लक राहत नाही. मीही म्हटलं, असेल.

मग आवाज. खालच्या पट्टीत, नाकातून गुणगुणल्यासारखा, आणि मध्ये मध्ये कुणीतरी बोटांनी जमिनीवर ठेका धरल्यासारखा. मला वाटलं भांडी धुण्याचं मशीन. जाऊन बंद केलं. आवाज चालूच. फ्रिज असेल म्हटलं. स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजला कान लावला. त्याची घरघर वेगळी, एकसुरी. मागच्या खोलीतला आवाज श्वास घ्यायला थांबत होता.

मी घाबरायला हवं होतं. पण खरं सांगतो, त्या दिवसांत घरात इतकं बरं वाटत होतं की भीतीला बसायला जागा नव्हती. मुक्ता ताट चाटूनपुसून जेवायला लागली. मी भात जास्त लावायचो आणि तोही संपायचा. पातेलं बघून मी मनाशी म्हणायचो, पोरगी वाढीला लागली. पाच वर्षांची पोर किती खाईल, हा हिशेब मी करत नव्हतो.

विहीणबाई एकदा पोहून लवकर आल्या. दारात उभं राहून आमच्याकडे बघितलं. मी गडबडून उठायला लागलो, तर त्यांनी हातानं बसा म्हटलं, मोजे काढले आणि भिंतीला धरून धरून खाली बसल्या. वरणाची वाटी तोंडाला लावली. मुक्तानं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्या हसत सुटल्या. डीटर गेल्यापासून मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"काय सांगितलंस गं आजीला?"

मुक्ता जर्मनमध्ये म्हणाली, मी नाही सांगितलं, त्यांनी सांगितलं. मी फक्त पुढं सांगितलं.

३

मग मुक्ता माझ्यापासून लांब बसायला लागली.

"जवळ ये की."

"गेट निश्त," म्हणजे जमत नाही. माझ्या नि तिच्यामधल्या जागेकडे बोट करून म्हणाली, "दा झित्स्ट आइनं." तिथं एक बसलीय.

मी हसलो. पोरांचे खेळ. आमची ही असती तर तिनंही भातुकलीत कुणाकुणाला पाट मांडला असता. मी माझं ताट जरा सरकवून घेतलं. का सरकवलं, ते सांगता येणार नाही.

मुक्ता आता तेच सूर गुणगुणायची. आंघोळ करताना, रस्त्यानं चालताना. एका दुपारी जेवता जेवता म्हणाली, त्या मला पाणी दाखवणार आहेत. आणि भाताचा मोठा घास घेतला.

"कुठलं पाणी?"

तिनं चमच्यानं चित्राच्या मधल्या गोलाकडे दाखवलं.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. "लांब आहे का गं?"

"थांब हं." ती बाजूच्या रिकाम्या जागेकडे वळली. हळूच काहीतरी विचारलं. मग खूप वेळ मान हलवत, सगळं नीट ऐकून घेतलं. माझ्याकडे वळली.

"नाइन."



दुसऱ्या दिवशी मी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. ताटं स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. मुक्ता रुसून खुर्चीवर बसली. बंद दारातूनही गुणगुण ऐकू येत होती. मोठी झाली नव्हती, रागावली नव्हती. वाट बघणाऱ्या माणसासारखी चालू होती. मी तुपाची बरणी घ्यायला वळलो. परत वळलो तर खुर्ची रिकामी.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. मुक्ता चित्राच्या पलीकडं, खिडकीशी उभी होती. दोन्ही बाजूंना रंगाऱ्यांची शिडी नि बादल्या. पलीकडं जायला चित्रावरूनच जावं लागणार. चित्रावर पाऊल नव्हतं, एक ठिपका पुसला नव्हता. पण तिचे पाय घोट्यापर्यंत ओले होते, आणि बोटांच्या बेचक्यात लाल चिखल होता.

मी शिडी बाजूला केली, तिला उचललं, न्हाणीघरात नेऊन पाय धुतले. लाल पाणी जाळीतून खाली गेलं. ती गुदगुल्या झाल्यासारखी हसत होती. बागेतली माती काळी आहे. मी दार उघडून बघून आलो.

हे विहीणबाईंना सांगायला हवं होतं. पण सांगणार कसं? सिल्के नि हृषिकेश संध्याकाळी येणार, तोवर आमच्या मध्ये बोलायला मुक्ताच. तिच्याबद्दलची भीती तिच्याच तोंडून कशी बोलवून घेऊ? मी नुसताच त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला चहा करून दिला.

संध्याकाळी सगळं ऐकून हृषिकेश म्हणाला, "बाबा, गार्डनमध्ये गेली असेल. तुमचा डोळा लागला असेल. इट्स ओके."

रात्री मला एकच प्रश्न होता. बोलावलं मी. जेवायला बसलेल्या माणसाला ऊठ म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं? सकाळी सगळे गेल्यावर मागच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. आत गुणगुण चालू होती. मी हात जोडले. म्हटलं, "खुशाल राहा. पण पोर लहान आहे. तिला नेऊ नका."

आवाज थांबला. बायका बोलत बसल्या असताना पुरुषमाणूस दारात आला की थांबतो, तसा. मग कुणीतरी हलकं हसलं आणि पुन्हा सुरू झाला.

४

डीटरची चित्रं पुढं कुठं जावीत, याचं सिल्केनं एका संग्रहालयाशी बोलणं चालवलं होतं. त्यांनी कळवलं की हे पहिलं चित्र जिनं काढलं, तिची नात लोरेन एका प्रदर्शनासाठी जर्मनीत आली आहे. तिला आजीचं चित्र बघायचं आहे.

ती रविवारी आली. तिशी-पस्तिशीची, उंच, कुणाचा तरी मागून आणलेला कोट घातलेली. हात चोळत इंग्रजीत काहीतरी म्हणाली. हृषिकेश मला सांगू लागला. "म्हणतेय, तुम्ही लोक फ्रिजमध्ये राहता."

मागच्या खोलीत आली आणि दारातच थांबली. मग बूट काढले, सरळ चित्राशी जाऊन मांडी घालून बसली.

"म्हणतेय, चला, कुणीतरी यांना खाली तरी बसवलं. जिथे जावं तिथे आमच्या आज्या भिंतीवर उभ्या करून ठेवल्यात. पाय दुखले असतील त्यांचे."

विहीणबाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. डीटरनी लिहून ठेवलेलं आजीचं नाव त्या उच्चारणार, तेवढ्यात लोरेननं अदबीनं हात वर केला. गेलेल्या माणसाचं नाव आम्ही घेत नाही, म्हणाली. मग विहीणबाईंनी सिल्केकरवी विचारलं, चित्र परत हवंय का? तसं असेल तर घेऊन जा. हे विचारताना त्या चित्राकडे बघत नव्हत्या.

लोरेननं मान हलवली. "म्हणतेय, आजीनं ते विकून जुनी गाडी घेतली होती. सगळ्या बहिणी त्यात कोंबून बसायच्या नि गाणी म्हणत फिरायच्या. मजा केली त्यांनी. चित्र तुमचंच. मी फक्त भेटायला आले."

मी हृषिकेशला म्हटलं, "तिला सांग, मी यांना जेवायला बोलावलंय. रोज जेवतात. आणि आता पोरीला पाणी दाखवायला न्यायचं म्हणतात."

"बाबा, अहो, हे काय सांगू मी तिला?"

"आहे तसं सांग."

त्यानं मान खाली घालून सांगितलं. कान लाल झाले होते त्याचे. लोरेन आधी हसली, जेवणाला त्या कधीच नाही म्हणायच्या नाहीत, म्हणाली. मग पाण्याचं ऐकलं आणि हसू गेलं. तिनं मुक्ताला हातानं जवळ बोलावलं.

मुक्ता तिच्यासमोर बसली आणि गुणगुणायला लागली.

५

लोरेननं दोन बोटांनी जमिनीवर ठेका धरला. मुक्ताच्या आवाजात आवाज मिसळला. पोरीकडं नुसते सूर होते, लोरेनकडं शब्द होते. थोडं पुढं गेल्यावर लोरेन एकाएकी थांबली. मुक्ता थांबली नाही. ती पुढं गात राहिली, आणि लोरेन तोंड उघडं ठेवून ऐकत राहिली.

हृषिकेश हळूच म्हणाला, "तिला इथपर्यंतच येतं म्हणतेय. मध्येच ती शहरातल्या शाळेत गेली. परत आली तोवर आजी नव्हती. कुणीच नव्हतं."

"पुन्हा," लोरेन म्हणाली. मुक्तानं पुन्हा म्हटलं. लोरेनचं चुकलं की मुक्ता थांबायची, बाजूच्या रिकाम्या जागेकडे कान देऊन ऐकायची, आणि तिला बरोबर करून सांगायची. लोरेन गात होती, रडत होती, हसत होती. नाक वाहत होतं. विहीणबाईंनी तिला स्वयंपाकघरातलं फडकं आणून दिलं.

आणि आता तो आवाज दोघींचा राहिला नव्हता. हृषिकेशनं एकदा हायझुंगकडे बघितलं, मग बघायचं सोडलं. सिल्केनं माझा दंड धरला. चित्राखालच्या राखाडी कापडाची कड बाहेर आली होती, ती जागोजागी दबलेली होती. गादीवर कुणी बसलं की दबते तशी.

लोरेनला सगळं आलं. शेवटपर्यंत म्हणून झालं आणि खोली गप्प झाली.

मग कापडाची कड एकेका ठिकाणी वर आली. उठत होत्या.

मुक्ताही उठली. तिचा उजवा हात वर गेला, खांद्याच्या वर, मोठ्या माणसानं बोट धरावं तसा. त्या हाताची बोटं कशावर तरी मिटलेली होती. ती चित्राकडे चालायला लागली. मी खाली बसलेलो होतो, उठायला वेळ नव्हता. तसाच हातांवर सरकत पुढं झालो. माझ्या तोंडाशी, अगदी वीतभर अंतरावर, एक टाच पडली नि उचलली गेली. भेगाळलेली, धुळीनं पांढरी, म्हाताऱ्या बाईची टाच. तेवढंच दिसलं.

लोरेन काहीतरी बोलली. तिच्या भाषेत, मोठ्यानं नाही, विनवून नाही. घरातल्या थोरल्या मावशीला दोन शब्द सुनवावेत तशी.

कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळ्याच हसल्या. त्या हसण्यात राग नव्हता.

मुक्ताचा वर धरलेला हात सुटून खाली आला. खाली पडता पडताच मी तो धरला.

बाहेर सायकलची घंटी वाजली. फरशी गार होत चालली होती. लोरेननं मोठा श्वास सोडला आणि हृषिकेशला काहीतरी विचारलं. तो गोंधळून माझ्याकडे वळला. "बाबा, ती विचारतेय, भात आहे का."

भात होता. सगळे खालीच बसले. विहीणबाईंना दोघांनी धरून बसवलं. सिल्केनं वाढलं. लोरेननं लिंबाची फोड वरणात पिळायच्याऐवजी सरळ तोंडात टाकली आणि जो चेहरा केला, त्याला मुक्ता हसून हसून लोळली. मी तिला ते सूर म्हणायला सांगितले. तिनं खांदे उडवले. कुठले, म्हणाली. तिला काही आठवत नव्हतं.

जेवायला बसण्याआधी सगळे हात धुऊन आले होते. मीच गेलो नव्हतो. मुक्ताचा हात धरला तो माझा हात अजून ओला होता, आणि त्याला पाण्याचा वास होता. इथल्या नळाच्या पाण्याला वास नसतो. मी हात तसाच भातात घातला आणि जेवलो.